लिंब्याच्या पंखांची नोंदवही : जानेवारी ते नोव्हेंबर २०२५

१२ जानेवारी, रविवार

काल संध्याकाळी आमचं पाखरू, लिंब्या, पंख्याच्या पात्यात सापडता सापडता वाचला. आईंनी फरशी पुसून झाल्यावर ती वाळावी म्हणून हॉलचा पंखा दोनवर लावला होता. लिंब्या पडद्याच्या दांडीवर बसलेला होता, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. कुकरची शिट्टी झाली, तो दचकला आणि सरळ छताकडे उठला. पंख्याच्या वाऱ्यानेच त्याला बाजूला फेकलं म्हणून सोफ्यावर पडला. तुरा ताठ, चोच उघडी, धाप लागलेली. दहा मिनिटं माझ्या मानेला चिकटून बसला होता. आई रात्री जेवल्या नाहीत.

लिंब्या म्हणजे आमचा कॉकाटील, तुरा असलेला छोटा पोपट. नर, वय चौदा महिने, वजन ९१ ग्रॅम. अंग राखाडी, डोकं लिंबासारखं पिवळं, गालांवर नारिंगी टिळे. मूळचं ऑस्ट्रेलियातलं पाखरू, उघड्या माळरानावर मैलोन्‌मैल उडणारं. आमच्याकडे साडेपाचशे चौरस फुटांत राहतो.

कालपासून पंख छाटण्याचा विचार मनात येतोय आणि त्याच्याच मागोमाग मागच्या वर्षीची आठवणही. आणला तेव्हा दुकानदाराने आम्हाला न विचारता त्याचा एकच पंख छाटून दिला होता, तोही पार अंगापर्यंत. घरी आल्यावर पिंजऱ्याच्या छपरावरून उडायला गेला आणि भोवऱ्यासारखा गोल फिरत छातीवर आपटला. छातीच्या मधल्या हाडावरची कातडी फाटली, भरून यायला तीन आठवडे लागले. तेव्हा म्हटलं होतं, ह्याच्या पंखाला पुन्हा कात्री लावायची नाही. आज तो शब्द मोडायचा का, हे ठरवायचं असेल तर नीट लिहून, मोजून, विचारून ठरवायचं. म्हणून ही वही.

१६ जानेवारी

आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ३ फेब्रुवारीला आहे. पुढचा महिना-दीड महिना नणंद, मावशी, फिजिओथेरपीची मुलगी, भेटायला येणारी मंडळी अशी दिवसभर ये-जा असणार. दार उघडं राहणार, आईंना पंखा लागणार. स्वयंपाकघराला आमच्याकडे दार नाही, नुसती कमान आहे. पलीकडे गॅसवर तवा, तापलेलं तेल, उघडी पातेली.

दोनच मार्ग दिसतात. त्या काळात लिंब्याला पिंजऱ्यात कोंडून ठेवायचं, किंवा पंख थोडे छाटून घरात मोकळं ठेवायचं. दिवसाचे सहा तास बाहेर राहायची सवय असलेलं पाखरू दीड महिना कोंडलं तर स्वतःची पिसं उपटायला लागेल, ही भीती मला जास्त वाटते. तिसरा मार्ग लेकीने सुचवला, तिच्या मैत्रिणीकडे ठेवायचा. त्यांच्याकडे मांजर आहे.

छाटणीच्या बाजूने एक गोष्ट आहे. लिंब्या उडायला आणि उतरायला नीट शिकलेला आहे. पिल्लाचे पंख पहिल्या उड्डाणाआधीच छाटले तर त्याला वळणं, वेग कमी करणं, पाय पुढे टाकून बसणं नीट जमणं अवघड जातं. लिंब्या आणला तेव्हा एक पंख छाटलेला असतानाही पुढे जुनी पिसं झडून नवी आल्यावर तो सगळं शिकला.

१९ जानेवारी

आज ऊन्हात बसवून पंख वाचला. ‘वाचला’ हाच शब्द बरोबर वाटतो. लिंब्या सकाळी आंघोळ झाल्यावर एक-एक पंख ताणून आळस देतो, तेव्हा मोबाईलवर फोटो काढले आणि मोठे करून पाहिले.

पंखाच्या टोकाकडे, हाताच्या पंजावर रुजलेली दहा लांब पिसं. ही पाखराला पुढे रेटतात. त्यांच्या आत, अंगाकडे, थोडी आखूड आणि रुंद पिसं. ही त्याला हवेत तोलून धरतात. छाटायची ती फक्त टोकाकडच्या दहांतली काही. अंगाकडच्यांना हात लावायचाच नाही. दुकानदाराने नेमकी तीच उडवली होती, म्हणून लिंब्या तरंगत न उतरता दगडासारखा पडला.

दहांच्या मुळाशी छोट्या पिसांची एक रांग असते, कौलांसारखी एकावर एक. कात्री त्या रांगेच्या किंचित खाली चालवायची, म्हणजे कापलेली टोकं झाकली जातात आणि अंगाला टोचत नाहीत. टोचली की पाखरू ती चावत बसतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दांडी. पूर्ण वाढलेल्या पिसाची दांडी मुळाशी पांढरट, पोकळ, वाळलेली असते, आपल्या नखासारखी निर्जीव. वाढत्या पिसाची दांडी जाड, निळसर-जांभळी, वर मेणासारखं आवरण, कारण आत रक्त वाहत असतं. असं कोवळं पीस कापलं तर नळी फुटल्यासारखं रक्त येतं. लिंब्याचे दोन्ही पंख टॉर्चच्या उजेडात पाहिले. वीसही दांड्या पांढऱ्या. एकही कोवळं पीस नाही.

२५ जानेवारी, शनिवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. पक्षी पाहणारे डॉक्टर शहरात मोजकेच, आठवडाभर थांबावं लागलं, पण पहिली छाटणी मी स्वतःच्या बळावर करणार नव्हते.

त्यांनी आधी मला धरायला शिकवलं. मी पंचा गुंडाळून लिंब्याला घट्ट कवळलं होतं, तसे ते म्हणाले, “ताई, मान धरा, छाती सोडा.” पाखरांना आपल्यासारखा छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हाच हवा आत-बाहेर होते. छाती दाबली की श्वास बंद. तोंडाला काही लागलेलं नाही, म्हणजे पाखरू श्वास घेतंय, अशी आपली समजूत असते आणि हातातल्या हातात ते मरतं. म्हणून अंगठा आणि मधलं बोट जबड्याच्या दोन बाजूंना, तर्जनी डोक्यावर, पंचा अंगाभोवती सैल. पंख उघडायचा तो टोकाच्या पिसांना ओढून नाही, मनगटाच्या सांध्याजवळ हाडाला आधार देऊन.

मी विचारलं, किती पिसं? त्यांनी आकडा दिला नाही. कॉकाटील हलकं, लांब पंखांचं, जोरकस उडणारं पाखरू. आफ्रिकन ग्रेसारख्या जड अंगाच्या पोपटाची चार पिसं छाटली तर तो धपकन पडेल, कॉकाटीलला त्याने फारसा फरक पडणार नाही. म्हणून आधी कमी छाटायची, उडवून बघायचं, मग एक-एक वाढवायचं. आणि प्रत्येक वेळी दोन्ही पंखांची सारखी. आज त्यांनी बाहेरची चार-चार छाटली. सात मिनिटांत मोकळं. लिंब्याने त्यांच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला.

एक वाक्य मी तिथेच लिहून घेतलं. छाटायचं ते पाखरू उडू नये म्हणून नाही, त्याला उंच चढता येऊ नये आणि हळू उतरता यावं म्हणून.

२६ जानेवारी

हॉलमध्ये दोन गाद्या अंथरल्या, पंखा बंद करून बटणावर चिकटपट्टी लावली, खिडक्यांचे पडदे ओढले (काच दिसत नाही त्यांना). कंबरेच्या उंचीवरून हात हलकेच खाली नेला. लिंब्या उडाला, वळला आणि थेट पडद्याच्या दांडीवर. चार-चार पुरेशी नाहीत.

१ फेब्रुवारी, शनिवार

नवऱ्याने धरलं, मी कात्री चालवली. कात्री टोकाला बोथट असलेली, लहान बाळांची नखं कापायची. बाजूला, रक्त आलंच तर दाबायला, कॉर्नफ्लोरची वाटी आणि कापूस. आदल्या रात्री पुन्हा सगळ्या दांड्या तपासल्या होत्या.

बाहेरून पाचवं पीस. त्याला शेजाऱ्यापासून वेगळं केलं, खालच्या बाजूने दांडी पाहिली, झाकणाऱ्या रांगेखाली कात्री आणली. ‘कुट्’ असा बारीक आवाज, नखाचा होतो तसाच. टोक पाहिलं, आतून शहाळ्याच्या नळीसारखं पोकळ आणि कोरडं. मग दुसऱ्या पंखाचं पाचवं. सोडला, पाच मिनिटं विसावू दिला, राळ्याचं कणीस दिलं. मग चाचणी: उंच चढला नाही, पण सरळ रेषेत पलीकडच्या सोफ्याच्या हातापर्यंत गेला, साडेचार मीटर.

सहावं, दोन्हीकडचं. पुन्हा विसावा, पुन्हा चाचणी. ह्या वेळी पंख जोरात मारले, थोडा पुढे गेला आणि तिरका उतरत तीन मीटरवर फरशीवर दोन पायांवर टेकला. छाती आपटली नाही, शेपूट घासली नाही. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा तसंच.

इथे थांबलो. नवरा म्हणाला, अजून एकेक काढूया का, खात्री होईल. नाही म्हटलं. खात्री आपली होते, पडतं पाखरू.

कापलेली बारा पिसं एका पाकिटात ठेवली. लेकीने वर तारीख टाकली.

५ फेब्रुवारी

वजन ८९. दोन ग्रॅम उतरलं, दिवसभर गप्प. काल तीन वेळा खांद्यावरून पडद्याकडे झेप घ्यायला गेला आणि खाली उतरला. उतरल्यावर फरशीवर उभा राहून वर बघत होता. मला ते बघवलं नाही. सुरक्षित आहे हे खरं, आणि त्याच्याकडून काहीतरी काढून घेतलं आहे हेही खरं.

पिंजऱ्यातली वरची दांडी दोन बोटं खाली घेतली. पिंजऱ्यापासून फरशीपर्यंत सुताराकडून लाकडी शिडी करून आणली, म्हणजे खाली उतरला तरी आपला आपण वर जाईल. फरशीवर पाखरू फिरतंय हे येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगायचं ठरलं. छाटलेल्या पाखराचा पंख्याचा धोका कमी होतो, पायाखाली यायचा वाढतो.

११ फेब्रुवारी

वजन परत ९१. आज शिडीवरून तीनदा वर-खाली. आईंच्या पलंगाच्या कठड्यावर बसून कुकरच्या शिट्टीची नक्कल केली, दोन शिट्ट्या आणि मग थांबला. आई म्हणाल्या, “वरणाला तीन लागतात रे बाबा.” ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदाच हसल्या.

२३ फेब्रुवारी

आजचा प्रसंग ठळक अक्षरांत लिहायला हवा. खांद्यावर लिंब्या आणि मी गॅलरीत कपडे काढायला गेले. छाटलेला आहे, कुठे जाणार, असं मनात होतं. वाऱ्याची एक झुळूक आली आणि तो उठला. घरात तीन मीटरवर उतरणारं पाखरू वाऱ्यावर स्वार होऊन वर, कपड्यांच्या दोरीच्या टोकापर्यंत गेलं. दोरी नसती तर कठड्यापलीकडे तिसरा मजला. समोरून वारा आला की तो पाखराला आपोआप उचलतो, बारा पिसं नसली तरी. छाटलेल्या पाखराला उघड्यावर न्यायचं असेल तर लहान पिंजऱ्यातून. गॅलरीला जाळी सांगितली, सोमवारी बसवून देणार आहेत.

९ मार्च

खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या. हातात पिंजरा, त्यात हिरवा राघू, गळ्याभोवती गुलाबी-काळी रेघ. “तू तुझ्या पाखराचे पंख छान कापलेस म्हणे, आमच्याही राघूचे कर ना. बाजारातून आणला तेव्हा एक बाजू कापलेली होती, आता वाढलीय.”

मी नाही म्हणाले, आणि का ते सांगितलं. आपल्याकडचे हिरवे पोपट, हा गळ्यात रेघ असलेला आणि खांद्यावर लाल डाग असलेला मोठा करण पोपट, दोन्ही वन्यजीव आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत राघू पाळला गेला म्हणून लोकांना ते माहीत नसतं. लिंब्याची जात परदेशी आणि पिंजऱ्यातच पैदा होणारी, म्हणून ती पाळता येते. काकूंना वाईट वाटलं. राघूला त्या स्वतःच्या हाताने डाळिंब भरवतात, रोज. मीही कठोर बोलले नाही. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लिहून दिला. घरात वाढलेला पोपट थेट सोडायचा नाही, त्याला अन्न शोधणं, ससाणा ओळखणं येत नसतं, आधी त्याला त्याची तयारी करून घ्यावी लागते, एवढं नक्की सांगितलं.

त्यांच्या राघूचा डावा पंख नीट पाहिला. जुन्या छाटणीतलं एक पीस अजून तसंच होतं. मध्येच तिरकं, दाते पडल्यासारखं कापलेलं.

३० मार्च, गुढीपाडवा

आई काठी घेऊन गुढीपर्यंत चालत आल्या. ज्या कारणासाठी छाटणी केली ते कारण आज संपलं. पिसं मात्र परत जोडता येत नाहीत. कापलेलं पीस वाढत नाही, ते झडेपर्यंत तसंच राहतं. मला हे माहीत होतं, तरी आज पहिल्यांदा नीट कळलं. कात्रीला लागलेली वीस मिनिटं भरून यायला कित्येक महिने.

उन्हाळा असल्याने पंखे दिवसभर चालू. त्या दृष्टीने बरंच, असं नवरा म्हणतो.

११ ऑगस्ट

चार महिने नोंद करण्यासारखं काही नव्हतं. आज पिंजऱ्याच्या तळाशी छाटलेलं पहिलं खुंट सापडलं. डाव्या पंखाचं, आतून मोजलं तर सहावं. पोपटांची टोकाकडची पिसं मधूनच झडायला सुरुवात होते आणि मग दोन्ही बाजूंना सरकत जाते. म्हणजे अगदी टोकाचं दहावं शेवटी येणार.

१३ ऑगस्ट

उजवं सहावंही गेलं. डाव्या जागी निळसर कोंब दिसतो. आजपासून रोज पट्टीने लांबी.

२९ ऑगस्ट

डावं सहावं ४६ मि.मी. दिवसाला साधारण तीन मि.मी. वाढतंय. टोकाकडचं आवरण फुटून राखाडी पातं बाहेर आलंय, मुळाकडे अजून जांभळं. हात लावला तर ऊब जाणवते. शेजारचं पाचवं आणि सातवं अजून छाटलेलीच, त्यामुळे हे एकटंच लांब काठीसारखं बाहेर आलेलं दिसतं. एरवी दोन्ही बाजूंच्या मोठ्या पिसांमध्ये कोवळं पीस दडून वाढतं. आमच्याकडे ती आडोशाची पिसं मीच कापली आहेत.

७ सप्टेंबर, रविवार, पहाटे ४

हात अजून थरथरतोय पण आत्ताच लिहिते.

काल अनंत चतुर्दशी. गल्लीतल्या मंडळाची मिरवणूक रात्री साडेअकराला आमच्या खिडकीखाली आली. ढोल-ताशा तो सहन करतो, पण मध्येच फटाक्यांची माळ लागली. कॉकाटील अंधारात घाबरतात, हे सगळ्याच पाळणाऱ्यांना माहीत असतं. दिसत काही नाही, पळायचं असतं, आणि पिंजऱ्यात चारी बाजूंना आपटत राहतात. दिवा लावेपर्यंत पंधरा सेकंद गेले असतील. गज, कागद, पाण्याची वाटी, सगळीकडे रक्त. डावं सहावं पीस मधून मोडून लोंबत होतं.

पंच्यात घेतला, मान धरली, छाती सोडली. नवऱ्याने पंख उघडून धरला. मोडल्या जागी कॉर्नफ्लोर चिमटीने दाबलं आणि मनात दोनशे चाळीस आकडे मोजले. आई पलंगावरून “हळद लाव, हळद” म्हणत होत्या, पण हळदीत रक्त थांबलंय की नाही ते दिसत नाही. पांढऱ्या पिठावर लगेच दिसतं. पहिल्यांदा सोडल्यावर पुन्हा एक थेंब आला. दुसऱ्यांदा दाबल्यावर थांबलं.

पाखराच्या अंगात रक्त असतं ते वजनाच्या साधारण दहावा हिस्सा. ९१ ग्रॅमच्या लिंब्यात नऊ मिलिलिटर, दोन चमचेसुद्धा नाही. तळाच्या कागदावरचे थेंब मोजले, चौदा. गजांवरचे वेगळे.

आता तो माझ्या मांडीवर पंच्यात आहे. डोळे मिटतो, उघडतो. दिवा चालूच ठेवलाय.

७ सप्टेंबर, दुपार

डॉक्टरांनी मोडलेलं पीस चिमट्याने मुळासकट काढलं, पंखाच्या हाडाला दुसऱ्या हाताने आधार देऊन, एका झटक्यात. हे घरी करायचं नाही, हाड मोडू शकतं. मुळाच्या खळीत काहीही भरायचं नाही, नुसता कापूस दाबायचा. खळी शाबूत आहे, पीस पुन्हा येईल म्हणाले. वजन ८८.

मी त्यांना विचारलं, छाटलं नसतं तर? ते म्हणाले, घाबरून आपटला असताच, पण शेजारी पूर्ण पिसं असती तर हे कदाचित वाचलं असतं. ते उत्तर मी मऊ न करता इथे लिहिते आहे.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

ह्या वेळी तयारी होती. पिंजरा आतल्या खोलीत, खिडक्या बंद, रात्रभर शून्यचा बल्ब, तीन बाजूंनी चादर आणि चौथी उघडी. लेक अकरापर्यंत पिंजऱ्याजवळ बसून पुस्तक मोठ्याने वाचत होती. तुरा दोनदा ताठ झाला, बाकी काही नाही.

पाचवं, सातवं दोन्हीकडे पूर्ण. आठवं वाढतंय. डाव्या सहाव्याचा नवा कोंब २० मि.मी., आता दोन मोठ्या पिसांच्या मधोमध.

९ नोव्हेंबर

पुन्हा छाटायचं नाही, हे आम्ही चौघांनी बसून ठरवलं. त्याऐवजी घर बदललं. स्वयंपाकघराच्या कमानीला सरकती जाळी. लिंब्या बाहेर असताना पंख्याच्या बटणावर लाल कापडी पिशवी अडकवायची, ती आईंनी स्वतः शिवली. आणि रोज पंधरा मिनिटं बोलावण्याचा सराव: राळ्याचं कणीस दाखवायचं, एकच शिट्टी वाजवायची, मनगटावर आला की चार दाणे. एक हात अंतरापासून सुरुवात केली, आज दोन मीटर.

ज्यांच्या घरी माझ्या फेब्रुवारीसारखी अडचण येईल, त्यांना मी छाटू नका असं सांगणार नाही. डॉक्टरांकडून शिका, दोन्ही बाजू सारख्या, कमीत कमी, एक-एक पीस पाहून, एवढं सांगेन. आणि पिसं झडायला लागली की रात्रीचा दिवा.

२३ नोव्हेंबर, रविवार

वजन ९२. डावं सहावं पूर्ण, शेजारच्यांपेक्षा रंग किंचित गडद. नववं दोन्हीकडे अर्ध्यावर. दहावी दोन अजून जुनीच, छाटलेली.

सकाळी शिट्टी वाजवली तेव्हा तो आईंच्या पलंगावर होता. उठला, कमानीच्या जाळीपाशी वळला, सोफ्यावरून वर चढला आणि साडेचार मीटर येऊन माझ्या मनगटावर बसला. दाणे खाल्ले. मग डावा पंख ताणून आळस दिला.